औषधांना न जुमानणाऱ्या फिट्स: ऑपरेशन की यंत्र?

पहिलं औषध झालं, दुसरं झालं. तिसऱ्याने मूल दिवसभर पेंगायला लागलं, चौथ्याने भूक मेली, आणि फिट्स होत्या तशाच राहिल्या. या टप्प्यावर आई-वडिलांच्या कानावर दोन गोष्टी पडतात. एक म्हणजे मेंदूचं ऑपरेशन. दुसरी म्हणजे छातीत एक छोटं यंत्र बसवून मानेतल्या नसेला ठरावीक वेळाने वीज द्यायची. या दुसऱ्या उपचाराचं पूर्ण नाव व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशन. दवाखान्यात सगळे व्हीएनएस म्हणतात. मग प्रश्न येतो, "डॉक्टर, दोन्हींत चांगलं कोणतं?"

प्रश्न साहजिक आहे, पण बहुतेक मुलांच्या बाबतीत या दोघांची स्पर्धाच नसते. फिट जिथून उठते ती जागा सापडली आणि ती काढता येण्यासारखी असली, तर ऑपरेशन. जागा सापडलीच नाही, अनेक निघाल्या किंवा तिला हात लावणं परवडणारं नसलं, तर यंत्र. 'डोकं उघडायला नको, आधी यंत्र बघू' हे ऐकायला सावधपणाचं वाटतं. काही मुलांना मात्र तोच निर्णय सगळ्यात महागात पडतो. दोघांना खरोखर समोरासमोर ठेवावं लागतं असं प्रकरण मुख्यतः एकच, धाडकन पाडणाऱ्या फिट्सचं. तिथे जरा जास्त वेळ थांबू.

त्याआधी, 'औषध लागू पडत नाही' असं केव्हा म्हणायचं? ग्लासगोच्या पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांनी २००० साली ४७० नव्या रुग्णांचा हिशेब मांडला. पहिल्याच औषधाने ४७ टक्के लोकांच्या फिट्स थांबल्या. दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांच्या. त्यापुढची सगळी औषधं आणि त्यांच्या जोड्या मिळून जेमतेम चार टक्क्यांची भर पडली. म्हणून २०१० मध्ये एपिलेप्सीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने व्याख्या ठरवली: योग्य निवडलेली, योग्य मात्रेत दिलेली आणि सोसलेली दोन औषधं निष्फळ ठरली, की फिट्स औषधाला दाद देत नाहीत असं धरायचं. सातवं-आठवं औषध देऊन बघू नये असं नाही. पण ते देत असतानाच मुलाला एपिलेप्सी सर्जरी करणाऱ्या केंद्रात दाखवलं पाहिजे.

प्रत्यक्षात तिथे पोहोचायला वर्षं जातात. 'वयात आलं की जाईल' हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य त्याला बरंचसं कारणीभूत आहे. ते अगदीच खोटं नाही, हीच अडचण. रोलँडिक नावाची एपिलेप्सी असते. त्यात झोपेत तोंडाची एक बाजू ओढली जाते, लाळ गळते, बोलता येत नाही, आणि वय पंधरा-सोळाच्या आत ती बहुधा आपोआप निघून जाते. शेजारच्या कुणाचा तरी मुलगा असा बरा झालेला असतो, आणि त्याचं उदाहरण भलत्याच मुलाला लावलं जातं.

केंद्रात गेल्यावर पहिलं काम जागा शोधण्याचं. त्यातली मुख्य तपासणी व्हिडिओ ईईजी. मुलाच्या डोक्यावर वीस-पंचवीस इलेक्ट्रोड चिकटवतात, वर पट्टी गुंडाळतात, वायरींचा जुडगा मागे सोडतात आणि कॅमेऱ्यासमोरच्या खाटेवर त्याला दोन-चार दिवस, कधी आठवडाभर ठेवतात. औषधं मुद्दाम कमी करतात. एरवी जी फिट येऊ नये म्हणून देवाला हात जोडायचे, तीच इथे यावी म्हणून वाट पाहायची, हे आयांना फार जड जातं. फिट आली की आईने बटण दाबायचं आणि पांघरूण बाजूला ओढायचं, म्हणजे हातपाय कॅमेऱ्यात दिसतील. धावत आलेली टेक्निशियन विचारते, "बाळा, नाव काय तुझं? हात वर कर. हा शब्द लक्षात ठेव: केळं." फिट ओसरल्यावर ती पुन्हा विचारते, "कोणता शब्द सांगितला होता?" बाहेरच्याला हे जरा विचित्र वाटेल. पण बोलणं नेमकं कधी थांबलं, समजत होतं का, कोणता हात आधी आखडला, मान कुणीकडे वळली, नंतर कोणती बाजू लुळी पडली, यावरून मेंदूतला रस्ता मागे मागे शोधत जाता येतं. घरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओही इथे कामाचा असतो. फक्त तो फिटच्या सुरुवातीपासूनचा हवा आणि सगळं अंग दिसायला हवं.

त्याच्या जोडीला एमआरआय, आणि तोही साधा नव्हे. एपिलेप्सीसाठी ठरवून दिलेल्या पद्धतीने, पातळ पातळ छेद घेऊन, शक्यतो तीन टेस्लाच्या मशीनवर. 'नॉर्मल' म्हणून आलेल्या फिल्ममध्ये अनुभवी डोळ्यांना मेंदूच्या सालीचा एखादा जाडसर, पुसट कडेचा तुकडा दिसतो. गर्भात पेशी आपापल्या थरांत नीट न लागल्याने तो तसा झालेला असतो. त्याला फोकल कॉर्टिकल डिसप्लेझिया म्हणतात, आणि लहान मुलांतल्या एपिलेप्सी सर्जरीचं ते सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक आहे. आपल्याकडे आणखी एक कारण वारंवार दिसतं: जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत साखर फार खाली गेल्याने किंवा श्वास कोंडल्याने मेंदूवर राहिलेले व्रण. एवढं करूनही चित्र स्पष्ट झालं नाही तर पेट स्कॅन, आणि शेवटी कवटीला बारीक भोकं पाडून आत सोडलेल्या तारांचा ईईजी. मानसशास्त्रज्ञ मुलाची स्मरणशक्ती, भाषा, बुद्धी तपासतात. मग न्यूरॉलॉजिस्ट, सर्जन, रेडिओलॉजिस्ट एका टेबलाशी बसतात आणि या सगळ्यांचं बोट एकाच जागेकडे जातंय का ते पाहतात.

बोट एका जागेकडे गेलं, आणि तिथे भाषा किंवा हाताची हालचाल नसली, तर तेवढा भाग काढतात. कानशिलाआडचा टेम्पोरल लोब हे त्यातलं नेहमीचं ठिकाण. हा प्रकार समजायला सोपा आहे. खरी दमछाक होते ती पुढच्या प्रकारात.

काही मुलांचा अख्खा अर्धा मेंदूच बिघडलेला असतो. पोटात असताना एका बाजूचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, किंवा एक अर्धगोल जन्मतःच बेढब वाढलेला असतो, किंवा रासमुसेन एन्सेफलायटिस नावाचा दाह एकाच अर्ध्या भागाला महिनोन्‌महिने खात जातो. अशा वेळी हेमिस्फेरोटॉमी करतात: बिघडलेला अर्धा भाग बऱ्याच अंशी जागेवरच ठेवायचा, त्याचा रक्तपुरवठा शाबूत राखायचा आणि उरलेल्या मेंदूशी त्याचे सगळे दोर कापून टाकायचे. पूर्वी तो भाग काढूनच टाकत. वॉल्टर डँडी यांनी १९२८ मध्ये गाठीसाठी आणि टोरांटोच्या केनेथ मॅकेन्झी यांनी १९३८ मध्ये फिट्ससाठी तसं केलं होतं. भारतात १९५२ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जेकब चांडी यांनी हेच ऑपरेशन केलं. आपल्याकडच्या एपिलेप्सी सर्जरीची सुरुवात तिथून धरतात. पण रिकाम्या झालेल्या पोकळीत वर्षानुवर्षं थोडं थोडं रक्त झिरपत राहतं आणि त्याचं लोह उरलेल्या मेंदूवर साचतं, हे पुढे लक्षात आलं. म्हणून काढण्याऐवजी तोडण्याची पद्धत रूढ झाली.

अर्धा मेंदू बंद करूनही मूल चालतं, बोलतं, हे ऐकून कुणालाही खरं वाटत नाही. पण चालण्यापुरतं नियंत्रण उरलेली बाजू सांभाळून घेते, आणि ज्यांचा एक हात आधीपासूनच कमकुवत आहे अशा मुलांचं नव्याने फारसं काही जात नाही. कायमचं जातं ते विरुद्ध बाजूच्या बोटांचं बारीक काम आणि दृष्टीचा अर्धा पट्टा. असं मूल बटण एका हाताने लावायला शिकतं, रस्ता ओलांडताना मान जास्त वळवायला शिकतं. मोठं झाल्यावर गाडी मात्र चालवू शकत नाही. भाषेचा प्रश्न वयाचा. डावी बाजू पाच-सहा वर्षांच्या आत बंद केली तर उजवी बाजू बरीचशी भाषा उचलते. पुढे ही लवचीकता ओसरत जाते. यंत्र लावून चार वर्षं वाट पाहण्याची किंमत ती हीच.

मुलांना ऑपरेशन खरंच किती उपयोगी पडतं याचा सगळ्यात नेटका पुरावा दिल्लीतून आला, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. एम्समध्ये मंजरी त्रिपाठी, शरत चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ वर्षांपर्यंतच्या ११६ मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. ५७ जणांचं ऑपरेशन लगेच, ५९ जण औषधांवर राहून प्रतीक्षायादीत. तिथली यादी एरवीही वर्षभराची होती, म्हणूनच असा प्रयोग नैतिकदृष्ट्या करता आला. वर्षाअखेरीस ऑपरेशन झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलांच्या फिट्स पूर्ण थांबल्या होत्या. नुसत्या औषधांवरच्या गटात ७ टक्के. २०१७ मध्ये हे निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले.

पण त्याच लेखातला दुसरा आकडाही वाचायला हवा. ऑपरेशन झालेल्या दर तिघांत एकाला गंभीर म्हणावा असा त्रास झाला; बहुतेकांना एका बाजूचा अशक्तपणा. त्यातल्या बऱ्याच मुलांत तो होणार हे आधीच ठाऊक होतं, कारण अर्धा मेंदू तोडल्यावर दुसरं काय होणार? मुलांचं वागणं आणि रोजचं जगणं सुधारलं, बुद्ध्यंकात मात्र वर्षभरात दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. जाता जाता, तो बुद्ध्यंक मोजला बिने-कामत चाचणीने; व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतलेली ही चाचणी अजून चांगली वापरात आहे.

आता जागा न सापडलेल्या मुलांकडे वळू. द्रावे सिंड्रोम नावाच्या एपिलेप्सीत दोष जनुकात, म्हणजे मेंदूभर; तिथे कापणार काय? अशांसाठी व्हीएनएस.

व्हेगस ही मेंदूच्या देठातून निघून मानेतून पोटापर्यंत उतरणारी लांबलचक नस. ती हृदयाला, आतड्यांना हुकूम देते म्हणून तिची ओळख. पण तिच्यातले बहुसंख्य, सुमारे ८० टक्के, तंतू उलट दिशेने खालच्या बातम्या वर नेतात. त्या मेंदूच्या देठातल्या एका केंद्रात पोहोचतात आणि तिथून नॉरएपिनेफ्रिनसारखी रसायनं मेंदूभर सोडणाऱ्या पेशींना चाळवतात. या चाळवण्याने पेशींचं एका सुरात पेटणं अवघड होतं, अशी समजूत आहे. माणसात हे यंत्र पहिल्यांदा १९८८ साली अमेरिकेत बसवलं. तिथे १९९७ मध्ये बारा वर्षांवरच्यांसाठी मान्यता मिळाली, २०१७ मध्ये वयाची अट चारवर आली.

ऑपरेशन यातही असतं, फक्त डोकं उघडत नाहीत. मानेच्या डाव्या बाजूला वळीत एक छेद आणि काखेजवळ किंवा गळ्याच्या हाडाखाली दुसरा. मानेतली मोठी धमनी आणि शीर यांच्या मध्ये व्हेगस सापडते. तिच्यावर स्प्रिंगसारखे तीन मऊ वेढे बसवतात, त्यातले दोन विजेचे आणि एक नुसता आधाराला. तार कातडीखालून छातीकडे नेऊन चपट्या यंत्राला जोडतात. डावीच बाजू घेतात, कारण हृदयाचा ठोका ठरवणाऱ्या केंद्राकडे मुख्यतः उजवी व्हेगस जाते. दोनेक आठवड्यांनी यंत्र सुरू करतात, पाव मिलिअँपिअरवर. मग दर भेटीला थोडं थोडं वाढवत दीड-दोनपर्यंत. नेहमीचा क्रम ३० सेकंद चालू, पाच मिनिटं बंद, दिवसरात्र.

स्वरयंत्राची नस याच व्हेगसची फांदी. त्यामुळे वर्गात धडा वाचणाऱ्या मुलीचा आवाज मध्येच घोगरा होतो, अर्ध्या मिनिटाने पूर्ववत होतो, आणि पाच मिनिटांनी पुन्हा घोगरा. मुलं याला लवकर सरावतात, वर्गमित्रांना जरा वेळ लागतो. सोबत एक लोहचुंबक मिळतं, मनगटावर बांधता येण्याजोगं. फिट येतेय असं वाटलं की ते छातीवरच्या यंत्रावरून एकदा फिरवायचं; लगेच एक जादा झटका मिळतो, आणि काहींची फिट तिथेच आटोपते. तेच चुंबक यंत्रावर धरून ठेवलं तर यंत्र तेवढा वेळ गप्प राहतं. गॅदरिंगमध्ये गाणं म्हणायचं असलं तर ही युक्ती उपयोगी. नव्या यंत्रांना फिटच्या सुरुवातीला एकदम वाढणारे हृदयाचे ठोके ओळखता येतात, मग चुंबकासाठी कुणी जागं असण्याची गरज उरत नाही.

अपेक्षा मात्र मापात हवी. सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांत तीन महिन्यांत फिट्स सरासरी पावपटीने कमी झाल्या. परिणाम हळूहळू चढतो. दोनेक वर्षांत साधारण निम्म्या रुग्णांच्या फिट्स निम्म्यावर येतात. पूर्ण थांबतात त्या फार थोड्यांच्या. नेदरलँड्समध्ये ४१ मुलांवर नीट काटेकोर चाचणी केली, तेव्हा पाच महिन्यांत जोरदार वीज मिळालेली मुलं आणि नाममात्र वीज मिळालेली मुलं यांत फरकच दिसला नाही. यंत्र विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात हे सापडणार नाही. तरीही दिवसाला वीस फिट्सच्या दहा झाल्या, इस्पितळाच्या खेपा कमी झाल्या, मूल जरा तरतरीत दिसू लागलं, याची किंमत ज्या घरात ते मूल आहे तिथेच कळते.

आता तो समोरासमोरचा सामना. लेनॉक्स-गास्टो सिंड्रोममध्ये मूल उभ्या उभ्या कोसळतं. स्नायू क्षणात आखडतात किंवा ढिले पडतात. हात पुढे करायलाही सवड नसते. हनुवटीवर टाक्यांवर टाके, पुढचे दात गेलेले, घरातही डोक्यावर हेल्मेट, आणि आई सतत हाताच्या अंतरावर. यांच्या मेंदूत काढण्याजोगी एक जागा बहुधा नसते. मग दोन पर्याय उरतात, व्हीएनएस किंवा कॉर्पस कॅलोसोटॉमी.

कॉर्पस कॅलोसम म्हणजे मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणारा सुमारे वीस कोटी तंतूंचा पट्टा. रात्री गावात एक कुत्रं भुंकलं की ओढ्यापलीकडच्या वाडीतलीही भुंकायला लागतात. फिट या पट्ट्यावरून तशीच पलीकडे जाते, दोन्ही बाजू एकदम पेटतात आणि मूल पडतं. पट्टा कापला तर फिट सुरू होईल, पण एका बाजूला राहील आणि बहुधा पाडणार नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या विल्यम व्हॅन वागेनन यांना दिसलं होतं की गाठीने हा पट्टा पोखरला की काही रुग्णांच्या फिट्स कमी होतात. त्यावरून त्यांनी आर. योर्क हेरेन यांच्यासह १९४० मध्ये पहिली ऑपरेशन्स प्रसिद्ध केली.

पाडणाऱ्या फिट्सपुरतं बोलायचं तर कॅलोसोटॉमीचं पारडं जड आहे. प्रसिद्ध झालेले अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये तुलना झाली. पडणं निम्म्याहून कमी झालं अशी मुलं कॅलोसोटॉमीनंतर दहात आठ, व्हीएनएसनंतर निम्म्यापेक्षा किंचित जास्त. तीन चतुर्थांशाहून जास्त घट पाहिली तर तफावत आणखी वाढते: ७० टक्के आणि २६ टक्के. पण हे अभ्यास चिठ्ठ्या टाकून केलेले नव्हते. कुणाला काय द्यायचं ते डॉक्टरांनी आधीच ठरवलं होतं, हे विसरू नये.

दुसऱ्या पारड्यात काय? कॅलोसोटॉमीसाठी कवटी उघडावी लागते. नंतर काही दिवस मूल बोलत नाही, पाय ओढतं. हे बहुधा ओसरतं. पूर्ण पट्टा कापलेल्या मोठ्या माणसाच्या डाव्या हातात डोळे झाकून किल्ली दिली तर त्याला ती वापरता येते, नाव मात्र सांगता येत नाही. अशाच रुग्णांच्या अभ्यासासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ चं नोबेल मिळालं. म्हणून मोठ्या, शाळेत बऱ्यापैकी चालणाऱ्या मुलात आधी पुढचा दोन तृतीयांश भागच कापतात. लहान मुलात, किंवा बौद्धिक वाढ आधीच खूप मागे असेल तर, पूर्ण पट्टा एकदम कापण्याकडे कल असतो, कारण तुटल्याच्या खुणा त्यांच्यात फारशा उमटत नाहीत. कापलेलं पुन्हा जोडता येत नाही. यंत्र बंद करता येतं, काढता येतं.

माझं मत विचाराल तर निर्णय पडण्यावरून व्हावा. आठवड्याला टाके पडत असतील तर यंत्राच्या परिणामासाठी दोन वर्षं थांबणं मला पटत नाही. पडणं क्वचित असेल आणि बाकीच्या फिट्स जास्त असतील तर आधी व्हीएनएस ठीक. एक केल्यावर दुसरं करता येतंच, आणि पुष्कळ मुलांत दोन्ही होतात.

पैशाचं गणित वेगळंच. यंत्र परदेशी, किंमत लाखांत, आणि बॅटरी काही वर्षांनी संपली की छातीतलं यंत्र पुन्हा बदलायचं. सरकारी किंवा विश्वस्त संस्थेत ऑपरेशन बऱ्याचदा त्याहून स्वस्तात होतं. मुंबईचं केईएम, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, दिल्लीचं एम्स इथे ही कामं नेमाने चालतात. प्रतीक्षा मात्र असते. मेंदूत खोलवर तारा सोडून थॅलॅमसला वीज देण्याचे प्रयोग मुलांवर सुरू आहेत, पण त्यांना रोजच्या उपचारांत धरण्याची वेळ अजून आलेली नाही.

यंत्र बसलं म्हणजे जागेचा शोध संपला असं मात्र धरू नये. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या मेंदूत तंतूंवरचं आवरण पुरतं तयार झालेलं नसतं, त्यामुळे त्या वयातल्या एमआरआयमध्ये डिसप्लेझिया लपून जातो. बाळ दोन-अडीच वर्षांचं झाल्यावर एमआरआय पुन्हा काढायला हवा. व्हीएनएस असलेल्या मुलाचा एमआरआय काढता येतो, पण यंत्र कोणत्या मॉडेलचं आहे त्यानुसार अटी बदलतात. त्यामुळे यंत्रासोबत मिळालेलं कार्ड फाइलमध्ये वर ठेवावं. स्कॅनला जाण्याआधी न्यूरॉलॉजिस्टकडून वीज शून्यावर आणून घ्यावी, चुंबक बाहेर ठेवावं आणि स्कॅन झाल्यावर वीज पूर्वीच्या आकड्यावर आणल्याशिवाय घरी निघू नये.